एका अंगाला

बेल्मिरोनं किल्लीबरोबर एक वाकडा खिळाही दिला.
"किल्ली रुसली तर हा," म्हणाला,
आणि साडेचारशे युरो न मोजताच
कोटात कोंबून उतार चालू लागला,
नेहमीसारखा, उजवा खांदा पाडून,
जणू वारा त्याला एकाच बाजूनं लागतो.

मी चीजच्या कारखान्यात कामाला.
आठ तास हात खारट पाण्यात.
घरी येऊन पुन्हा मीठच काढायचं:
नटांच्या खाचांतलं, स्पोकच्या मुळांशी धरलेलं,
हेडलाइटच्या आत, काचेमागेसुद्धा
(तिथे ते कसं शिरलं असेल?
पण साव जॉर्ज हे बेटच इतकं अरुंद,
की समुद्राला कुठलंही दार परकं नाही).

भाऊ जोराच्या पाण्याची नळी घेऊन आला.
भिंतीपलीकडून म्हातारा ओरडला,
"बेअरिंगमध्ये पाणी गेलं तर रडेल ती!
आणि रडणं तुला नाही, ग्रासिएतला ऐकावं लागेल."
मग नळी गुंडाळली.
केरोसीन. दोन जुने टूथब्रश. आईच्या उशीचा विटका अभ्रा.

चेन बिस्किटांच्या डब्यात रात्रभर बुडवली.
सकाळी केरोसीन शाईसारखं, आणि तळाशी
एकेक कडी आपला मूळ रंग आठवत पडलेली.
टाकीत मूठभर नट टाकून आम्ही दोघांनी
ती ताक घुसळावं तशी घुसळली;
गंजाचा लालसर गाळ ओतला, पुन्हा घुसळली,
भाऊ म्हणाला, "लोणी येईल आता."

सीटखाली गवताच्या काड्या,
एका गाईच्या कानातला पिवळा बिल्ला, आकडा पुसलेला,
आणि पत्र्याला धरलेली पिवळट पापडी.
नखानं खरवडली. हुंगायचीही गरज नव्हती.
दूध.
किती वर्षं थेंब थेंब हिंदकळलेलं,
ज्याचं कुणी काहीच केलं नाही, ना चीज, ना हिशेब.

तो रोज संध्याकाळी भिंतीवर येऊन बसायचा.
गाडीला हात लावत नव्हता.
व्हिनेगर आणि चांदीच्या कागदानं मी मडगार्ड घासताना
एकदाच म्हणाला, "एवढी चमकवू नकोस,
गाई बिचकतात."

सातव्या दिवशी सगळं जागेवर बसलं.
अंगणातल्या सपाट फरशीवर तिला उभी केली,
चार पावलं मागे जाऊन पाहिलं.
गाडी डावीकडे पाहत होती.
पुन्हा उभी केली. पुन्हा डावीकडेच.
दोरी लावून मोजलं:
डावीकडची मागची स्प्रिंग दोन बोटं बसलेली.

"कॅन," बेल्मिरो भिंतीवरून म्हणाला.
"चाळीस लिटरचा. त्या अंगाला.
दुसऱ्या अंगालाही एक घ्यायचा,
असं दरवर्षी सणाला ठरायचं आमचं."
मग बराच वेळ समोरच्या पिकोच्या डोंगराकडे बघत राहिला,
जो ढगात होता, म्हणजे दिसत नव्हता.
"तेवीस वर्षं मी पलीकडे झुकून चालवली.
सरळ जायचं म्हणजे तसंच."

नवी स्प्रिंग तेर्सेइराहून बोटीनं येणार होती.
मंगळवारी समुद्र खवळला, बोट आली नाही.
त्याच्या पुढच्या मंगळवारी आली.
खोकं फ्रिजवर आहे. त्यावर आईनं कांदे ठेवलेत.

मी तशीच जाते कामाला.
कड्याच्या रस्त्यानं, हायड्रेंजियाच्या कुंपणांमधून,
पहाटे गाई ओलांडेपर्यंत एक पाय टेकून थांबते,
पुन्हा निघते. किल्ली दोनदा रुसली, खिळा चालला.
इंजिनाचा आवाज आता इतका स्वच्छ आहे
की उतारावर मला माझाच श्वास ऐकू येतो.

आज फाटकात देओलिंदानं थांबवलं,
हेल्मेट काढेपर्यंत मला न्याहाळत राहिली.
"काय गं," म्हणाली,
"उजवा खांदा दुखावलाय का तुझा?"