मागचं आर्थिक वर्ष

लांडेवाडीच्या चौकापासून तिसरं दुकान.
पाटीवर लिहिलंय : सर्व दाखले मिळतील.
मिळत नाहीत. अर्ज तेवढा भरून मिळतो.
अर्जामागे मला बावीस रुपये.

दिवाळीनंतर भोसरीतले भोंगे
एकेका पाळीनं मुके होत गेले
तशा माझ्या दारात चपला वाढल्या.
मंदीत आमचाच धंदा तेजीत,
हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

व्यंकट बिराजदार. डायकास्टिंग, अकरा वर्षं.
पिशवीत कागद, पिशवीला रबर,
त्यावर आणखी एक पिशवी.
केशरी कार्डाचं पिवळं करायचं होतं.
उत्पन्न?
शून्य, म्हणाला, आणि ओशाळून हसला,
निकाल सांगताना पोरं हसतात तसा.

शून्य चालत नाही.
रकाना मागचं वर्ष विचारतो :
ओव्हरटाइमचं, बोनसचं,
पोरीला सायकल घेतली ते.
व्यवसायाच्या यादीत पाच पर्याय,
शेती, नोकरी, मजुरी, धंदा, इतर.
'नोकरी होती' असा पर्याय नाही.
मी 'इतर'वर क्लिक केलं.
तो बराच वेळ त्या शब्दाकडे बघत होता.

निगडीहून एकवीस दिवसांनी शेरा आला :
उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.
म्हणजे मागच्या वर्षी जेवलेलं
यंदाही पोटात आहे, अशी सरकारदरबारी नोंद.

मार्चात पुन्हा आला. अर्ज नव्हता, सांगायला आला होता.
महानंदाचं ऑपरेशन झालं, मोहननगरच्या
कामगार हॉस्पिटलात. एक रुपया नाही लागला.
"मागल्या साली पगारातून कापलं व्हतं ना,
त्याच्यावर. जूनपर्यंत चालतंय म्हनले."

तेच वर्ष.
एका खिडकीत आडवं आलं,
दुसऱ्या खिडकीतून येऊन उशाशी बसलं.

"ताई, मग ह्ये साल कवा दिसंल त्यास्नी?"
पुढच्या एप्रिलात, म्हटलं.
त्यानं बोटांवर महिने मोजले.
डाव्या तर्जनीचं पेर नाही,
तिथं अंगठा हवेतच टेकवून पुढे गेला.
"तवर लागंल कुटंतरी काम.
म्हंजे कामावर असताना भेटंल पिवळं कार्ड!"
आणि या वेळी मोठ्यानं हसला,
मीही हसले,
रांगेतली एक बाई हसली नाही.
म्हणाली, लाइट जायच्या आत
माझं तेवढं बघ.