डावी बाही

कुताइसीच्या थिएटरात मी कपडे सांभाळते.
एकतीस वर्षं. रिओनीचं पाणी
नळाला येतं तेव्हा गढूळ, नाहीतर येतच नाही.
नाटक जुनंच. राजवाडा, विष, खोटी साक्ष,
आणि शेवटी मंचावर इतकी प्रेतं
की पडदा जपून पाडावा लागतो,
कुणाच्या तरी पायावर येतो.

उरतो तो मित्र.
त्याला वाक्यं बेताची. "आलो, महाराज."
"वारा पडलाय, महाराज." "मी इथेच आहे."
एकदा इस्त्री तापेपर्यंत मोजली: एकसष्ट.
राजपुत्राला नुसती स्वगतंच सहा.

शाल्वा मित्र व्हायचा, अम्ब्रोसी राजपुत्र.
मरताना राजपुत्राचं डोकं
शाल्वाच्या डाव्या दंडावर.
पांढरा रंग, घाम, ओठांचं थोडं लाल
सगळं त्या बाहीत मुरायचं.
निष्ठा वगैरे शब्द लोक फुलं देताना वापरतात.
माझ्याकडे ती डाग होऊन यायची
आणि थंड पाण्यात निघायची नाही.

मग ती वीज नसलेली वर्षं.
मंचावर रॉकेलचे दिवे, प्रेक्षक कोटात,
तिकिटाऐवजी कुणी लाकडाचा ढलपा आणायचं,
कुणी मक्याचं पीठ.
तेव्हाच अम्ब्रोसी विसरायला लागला.
आधी किल्ल्या. मग लेकीचं नाव. मग तिसरं स्वगत.
शाल्वा दोन पावलं पुढे सरायचा,
दिव्याची वात सारखी केल्यासारखं करायचा
आणि पाठमोरा, ओठ न हलवता,
पुढचा शब्द त्याच्या पुढ्यात ठेवायचा,
आंधळ्याच्या हाताशी पेला सरकवावा तसा.
लोक म्हणायचे, काय मैत्री दाखवलीय,
दिवासुद्धा तोच बघतो.

सांगणार नव्हते, पण सांगते.
शाल्वालाही राजपुत्र व्हायचं होतं.
तरुणपणी तालीमही झाली होती, नऊ दिवस.
मापं अजून माझ्या वहीत आहेत:
छाती शहाण्णव, उजव्या खांद्याला उतार.
दहाव्या दिवशी तिबिलिसीहून अम्ब्रोसी आला.

फेब्रुवारीतली एक रात्र. अम्ब्रोसी अडला.
शाल्वा पुढे सरला, वात सारखी केली
आणि काही बोलला नाही.
मी विंगेत, दातांत सुई.
एक श्वास. दोन.
अंधारात कुणीतरी खोकलं.
तीन.
चौथ्याला त्यानं शब्द दिला.

त्या रात्री सदरा आला तो कोरडा.
डावी बाही इस्त्रीच्या घडीसकट तशीच.
म्हणजे राजपुत्र मान ताठ धरून मेला होता,
दंडाला केसही न लावता,
पडदा पडेपर्यंत.
एवढं तो विसरला नव्हता.

कुणी कुणाला काही विचारलं नाही.
एकाच कंदिलाच्या उजेडात पुलापर्यंत गेले,
पुलावर नेहमीसारखे वेगळे झाले.
दुसऱ्या रात्री बाहीवर डाग होता,
नेहमीपेक्षा मोठा. मी वास घेतला.
रंग, घाम, आणि काहीतरी खारट.
ते राजपुत्राचं की मित्राचं
हे पाण्याला कळलं असेल तर असेल.

अम्ब्रोसी गेला त्याला बरीच वर्षं झाली.
खरंच गेला, टाळ्यांना उठला नाही.
आता झेस्टाफोनीचा एक पोरगा राजपुत्र करतो.
रंग लावत नाही. लांब, पायरीवर, एकटाच मरतो.
दिग्दर्शक म्हणतो, आजकाल असंच मरतात.
शाल्वा सत्तरीचा, अजून मित्रच.
गुडघे कुरकुरत खाली बसतो,
डावा हात तसाच वाकवून धरतो
आणि तो हात थोडा थरथरतो,
वजनानं थरथरावा तसा.

प्रयोगानंतर सदरा हातात देतो. स्वच्छ.
"धुवायचं काही नाही यात," मी म्हणते.
"बघ तरी, नाझिब्रोला."

मी बघते.
पाणी तापत ठेवते,
बाही उलटी करते.