वीस मिलिसेकंद

उद्यमनगरात, दस्तगीरचाचा शिकलगारांच्या
रिवायंडिंगच्या गाळ्यात
मी लॅपटॉप ठेवलाय एका उघड्या स्टेटरवर,
कारण दुसरं काहीच रिकामं नाही.
व्हार्निशचा वास. समोरच्या शेडमध्ये लेथ.
भोगावतीच्या डोहातनं काढलेली कुणाचीतरी मोटर
दारात पालथी, अजून पाणी गळतंय.

प्रश्न तिसऱ्या सत्राचा, साधा:
एक कॉइल, एक बॅटरी, एक बटण.
बारा व्होल्ट. दहा ओहम. शून्य पूर्णांक दोन हेन्री.
बटण दाबल्यापासून प्रवाह
कसकसा वाढत जातो ते दाखवा.

चाचा म्हणाले, "त्यात दाखवायचं काय?
दाबलं की येतोय."

येतो, पण लगेच नाही.
कॉइल आधी अडून बसते,
बदलीचा कागद हातात पडलेल्या कारकुनासारखी:
आत्तापर्यंत काही नव्हतं,
मग आत्ताच का?

पहिल्यांदा मी घाई केली.
पन्नास पन्नास मिलिसेकंदांच्या ढांगा टाकल्या
आणि आकडे पिसाळले.
शून्य. तीन. उणे दीड. सव्वापाच.
वर गेला की आणखी वर, खाली आला की आणखी खाली,
एवढ्याशा बॅटरीच्या जिवावर.
चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"एवढ्यानं माझी तार कवाच जळली आस्ती."

मग एकेक मिलिसेकंद.
तांदूळ निवडावेत तसं.
आणि रेघ उठली, सरळ वर,
हळूहळू पाठ वाकवत आडवी व्हायला लागली.
वीस मिलिसेकंदांत शंभरातले त्रेसष्ट,
पुढच्या विसांत जे उरलं त्यातले त्रेसष्ट टक्के,
मग त्यातून उरलेल्यातले.
एक पूर्णांक दोन अँपिअर समोर दिसत होते,
हाताला लागत नव्हते.

"मग पोचतोय कवा?"
"कधीच नाही, चाचा.
पण शंभर मिलिसेकंदांनी
पोचला असं धरायचं."
ते खो खो हसले.
"मोटर कवा मिळंल म्हणून इचारणाऱ्याला
मी बी आसंच सांगतो."

कॉलेजातनं मागून आणलेला ऑसिलोस्कोप लावला,
चाचांनीच गुंडाळलेल्या कॉइलला.
खरी रेघ माझ्या रेघेच्या मागोमाग गेली,
शहाण्यासारखी,
आणि निम्म्यावर अचानक मान वर काढून
झपकन उसळली.
मी क्लिपा तपासल्या. प्रोब तपासला.
समीकरण पुन्हा लिहिलं, वहीच्या मागच्या पानावर,
तरी ती उसळतच होती.

चाचांनी काळ्या पडलेल्या नखानं
कॉइलच्या गाभ्यावर टकटक केलं.
"ह्येला धरलंस काय?"
"कशाला?"
"लोखंडाला. लोखंडाचं बी पोट भरतंय की.
भरलं की मग ते कशाला अडवील?"

माझ्या आकृतीत कॉइल म्हणजे
पेनानं काढलेली चार वेटोळी.
तिला वजन नव्हतं, पोट नव्हतं.

उठताना मी क्लिप ओढणार होते.
चाचांनी मनगट धरलं.
"तसं न्हाई. येताना कुरकुरलंय,
जाताना चावतंय."
आणि स्वतःच, लाकडी मुठीच्या पकडीनं,
क्लिप हिसडली.
निळी ठिणगी, आमच्या दोघांच्या चेहऱ्यांच्या मधोमध,
तडकन.

तिचं गणित मी अजून केलेलं नाही.
नख कशानं काळं पडलं,
ते विचारायचंही राहिलं.