आचाऱ्याचा र

मगदूम आप्पांनी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं,
खोटं नाणं परत करतात तसं.
"तबस्सुम, मी हजार पानांचा स्वयंपाक करतो गं,
प्रवचन नाही करत."
छापलं होतं: मगदूम आचार्यांची टोळी.
टाइप मी बरोबर केलं होतं.
सॉफ्टवेअरनं र उचलला, त्याचा रफार केला
आणि शेजारच्याच्या डोक्यावर नेऊन बसवला.

आठ वर्षं मी हा र हातानं दुरुस्त करतेय.
वऱ्हाडातला, पायऱ्यांतला,
तासगावच्या बेदाण्याच्या खोक्यांवर
'शेतकऱ्यांकडून थेट' असतं, त्यातला,
आणि खालच्या पाटीवरचा, जिथं चाचा अजून
सुऱ्यांना धार लावतात.
पेन टूलनं एक बारकी पापणी काढायची, चिकटवायची.
परवा घाईत एक राहिली.

सॉफ्टवेअर फुकटचं. म्हणजे नुसतं बिनपैशाचं नाही,
आतलं सगळं उघडं ठेवलेलं. वाचा, बदला.
कुठल्या देशात, कोण जाणे,
कुणीतरी हा र गेल्याच महिन्यात सरळ केलाय.
पण तयार डबा आपल्यापर्यंत यायला वर्ष जाईल.
आत्ता हवा तर आपण शिजवायचा.

मग मिरजेत, लक्ष्मी मार्केटच्या मागे, पहिल्या मजल्यावर,
दीड जीबीच्या हॉटस्पॉटवर मी कंपायलर उतरवला.
पहिल्या दिवशी तेवढाच. डेटा संपला.
दुसऱ्या दिवशी म्हणाला, फॉन्टची लायब्ररी नाही.
आणली. म्हणाला, ही जुनी.
नवी आणली. नवीला आणखी तिघी हव्या होत्या,
त्यातल्या एकीला माझा कंपायलरच जुना वाटला.

आप्पा काम नसताना येऊन बसायला लागले.
पिवळ्या ओळी सरकताना बघत.
"हे पिवळं काय?"
"कुरकुर. लाल आलं की थांबायचं."
"मग शिजलं किती?"
"काहीच नाही. अजून चूलच मांडतेय."
ते हसले नाहीत.
"कार्यालयात गेलो की आमचा पहिला दिवस त्यातच जातो.
वारा कुठून येतो बघायचा, विटा मोजायच्या.
लोकांना वाटतं, आचारी नुसता बसलाय."

शुक्रवारी रात्री एकोणीसशे फायलींतल्या
अठराशे चाळीस झाल्या, आणि कंप्यूटर गोठला.
बऱ्याच वेळानं एकच शब्द आला: किल्ड.
कुणी मारलं, का मारलं, काही नाही.
"शेगड्या किती लावल्या होत्यास?" आप्पांनी विचारलं.
"चार."
"आणि सिलिंडर?"
मी बघितलं. रॅम चारच जीबी.

एक शेगडी ठेवली.
रात्रभर एकेक फाइल, एकेक फाइल.
चाचांचं चाक बंद होतं ते बरं,
ते फिरलं की माझी ट्यूब लुकलुकते.
अजान व्हायच्या जरा आधी
प्रॉम्प्ट परत आला, न बोलता,
रात्री उशिरा घरी येणाऱ्या माणसासारखा.

उघडलं. टाइप केलं.
र आपल्या जागी होता, यला टेकून,
डोळा मिटल्यासारखा.
दोन वेळा खोडून पुन्हा लिहिला.
मग छापायला गेले तर 'प्रिंट' करडं पडलेलं.
प्रिंटरची लायब्ररी मी घेतलीच नव्हती.
पीडीएफ काढली, पेन ड्राइव्ह घेतला,
कोळेकरच्या झेरॉक्सवर जाऊन कार्डं छापून आणली.

आप्पांनी वरचं कार्ड घेतलं,
फोन नंबर दोनदा वाचला, बोटानं मोजला,
गठ्ठा पिशवीत टाकला.
अक्षराकडे बघितलंही नाही.

आता ऑर्डरच्या वहीत मी उतरवून ठेवतेय
आधी कोण, मग कोण, कुठली कितवी.
वरच्या ओळीत: मगदूम, बाकी दोनशे.
खाली चाक सुरू झालं. ट्यूब थरथरली.
पेन उचलून थांबलेय,
उजेड ठरला की पुढची ओळ.