साय

दर गुरुवारी मी चीजचं पाव चाक पाठुंगळीला मारून
ओदिलाँच्या तळघरात उतरते.
अठरा पायऱ्या. नववी झिजलेली.
खाली बाराही महिने एकच ऋतू.

ओदिलाँ आयुष्यभर नाकासमोर चालला
आणि गेल्या हिवाळ्यात चार दिवसांच्या तापात
नाकच गेलं.
म्हणजे आहे जागेवर, मोठं, लालसर,
बंद पडलेलं घड्याळ भिंतीवर असतं तसं.
डॉक्टर म्हणाले, येईल वास. कदाचित.
ज्युरातल्या ह्या एवढ्याशा गावात त्याने कुणाला सांगितलं नाही.
मला सांगितलं,
कारण चीजवालीला नाक असावंच लागतं.

'चल, सांग,' म्हणतो आणि पेला सरकवतो.

आधी पुलसार. पातळ सालीचं द्राक्ष,
रंग इतका फिका की परगावचे विचारतात, पाणी घातलंत का?
मी हुंगते. रानातली स्ट्रॉबेरी, मी म्हणते, आणि थोडी ओली पानं.
'मग हॅमचे थंड काप, लोणच्यातली काकडी.
ह्याहून जास्त लाड नकोत तिचे.'

मग त्रूसो. मिरी, काळी चेरी,
आणि खाली कुठेतरी घोड्याचा खोगीर.
तो खूश होतो. 'धुरावलेलं सॉसेज. उकडलेले बटाटे.
ही जेवायला बसली की सगळ्यात शेवटी उठते.'

नाक माझं, आठवण त्याची.
दोघांत मिळून एक कामाचा माणूस होतो.

शनिवारी गाड्या भरून येतात
नाकाने कांदे सोलणारी मंडळी.
ओदिलाँ त्यांच्यादेखत पेल्यात नाक बुडवतो,
डोळे मिटतो, जरा थांबतो,
आणि माझे गुरुवारचे शब्द बोलतो.
ते लिहून घेतात.
एकदा त्याने खोगीर सांगितला
आणि एक बाई म्हणाली, हो, हो, अगदी.

सावान्याँ मात्र शेवटी, आणि बसून.
ते द्राक्ष उशिरा तोडतात, बोटं गारठल्यावर.
पिपात ओततात आणि सहा वर्षं तीन महिने
हात लावत नाहीत.
जे उडून जातं ते भरून काढायचं नाही.
रिकाम्या झालेल्या जागेखाली वाईनवर
साय धरते, दुधावर धरते तशी,
आणि त्या सायीच्या जिवावर ती पिवळी होते.
लिटरातलं बासष्ट उरतं.
बाटलीही तेवढीच करतात इथे,
गेलेल्याचा हिशेब कुणी मागू नये म्हणून.

काल त्याने चौदा नंबरच्या पिपाला तोटी लावली.
सिदोनी हयात होती त्या शेवटच्या तोडणीचं पीप.
मोडका गुडघा घेऊन ती उतारावर
निळ्या चिखलात बसून तोडत होती,
आणि आम्हा सगळ्यांना शिव्या देत होती.

मी पेला उचलला.
साय फाटली होती कधीतरी.
नेलपॉलिश. शिर्का.
मी थांबले.
'अक्रोड?' त्याने विचारलं.
'मेथीचे दाणे?'
पिपावर खडूने लिहिलेलं साल होतं, तिच्या अक्षरात.
अक्रोड, मी म्हणाले. भरपूर अक्रोड.

त्याने पेला घेतला, एक घोट घेतला,
आणि इतका हसला की खोकला लागला.
'अगं, नाक गेलंय, जीभ आहे ना.
आंबट कळतं मला.'
मग जरा वेळाने, 'आणि बाकीचे गुरुवार?'

ते खरे होते, मी म्हणाले.
खोगीर सोडून.

वर स्वयंपाकघरात त्याने सॅलडची पानं धुतली,
चौदा नंबरचा चमचाभर शिर्का, तेल, मीठ,
वर खरे अक्रोड फोडून घातले.
माझ्या चीजचा तुकडा तोडला, दोन वर्षं मुरलेलं.
दाताखाली खार कचकन फुटली.
तो चावायचा थांबला, पुन्हा चावलं.
'हे,' तो म्हणाला, 'हे मला ऐकू येतं.'