मागच्या उजव्या बाजूचा आवाज

घेतली तेव्हा ठरलं होतं स्पिती.
यादी अजून आहे मोबाइलमध्ये :
दोरखंड, टॉर्च, जाड मोजे, हवा भरायचा पंप.
पंप तेवढा आणला.
त्याने ईराच्या सायकलीत हवा भरतो.

बाकी गाडी इंदिरानगरहून अंबडला जाते,
अंबडहून इंदिरानगरला येते,
मधे बोगद्यापाशी अर्धा तास उभी राहते
पुढच्या टेम्पोच्या पाठीवरचं वाचत
आणि लिटरला दहा पूर्णांक चार देते.
शोरूममधला मुलगा सतरा म्हणाला होता.
एवढ्यात त्याचंही लग्न झालं असेल,
आकडे जपून सांगायला शिकला असेल.

पार्किंग सात नंबर.
बिल्डरनं खांब उभा केला
तेव्हा माणसं लहान गाड्यांत मावत होती.
डाव्या आरशाला चार बोटं जागा,
उजवीकडे मी,
तेही पोट आत घेतलं तर.
गायधनी काका गॅलरीतून हात करतात,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे,
आणि खांबाला लागली की
बास.

आई पहिल्या दिवशी दाराशीच थांबली.
गुडघ्याकडे बघितलं, मग गाडीकडे.
"हिच्यात बसायचं की हिच्यावर चढायचं?"
तेव्हापासून डिकीत पाट असतो,
पितळी फुल्यांचा, एक फुली पडलेला.
डॉक्टरकडे, बँकेत हयातीच्या दाखल्याला,
भद्रकालीत बाजाराच्या तोंडापर्यंत
(पुढे गाडी जात नाही, गेलीच तर परत येत नाही)
मी पाट मांडतो, ती चढते, पाट उचलून मागे ठेवतो,
आणि स्टँडवरचे रिक्षावाले असे बघतात
जसा नवरदेव घोड्यावर बसतोय.
एकदा बसली की मात्र उतरायचं नाव नाही.
"इथून लोकांच्या कंपाउंडातलं दिसतं रे.
त्या दांडेकरांनी जास्वंद तोडली की."

मृणाल आधी हात लावत नव्हती.
आता रविवार कारंजावर मी कॅमेऱ्यातल्या रंगीत रेघा बघत घामाघूम होतो
तिथून ती आरसे मिटून, मान वळवून, एका दमात काढते.
म्हणते, एवढी मोठी गाडी दिसली की समोरचे आधी वाट देतात,
मग बाई चालवतेय बघून
त्यांना दिलेल्याचं वाईट वाटतं.

तिसरी रांग दोनदाच उघडली,
दोन्ही वेळा मेहुणा आला होता.
एरवी ती दुमडून सिलेंडर, तांदळाचं पोतं,
फेब्रुवारीत पिंपळगावहून मावसभावानं दिलेल्या द्राक्षांच्या पेट्या.
मग आठवडाभर गाडीला गोड आंबूस वास
आणि सीटबेल्टवरून चालत जाणाऱ्या मुंग्या,
रांगेत, लेन न मोडता.

आवाज दिवाळीनंतर सुरू झाला.
खड्ड्यात नाही, गतिरोधकावर नाही,
फक्त वळताना : टर्र, टक्.
सातपूरला सर्व्हिस सेंटरमध्ये तीनदा नेली.
एक पोरगा मागे आडवा झोपून कान लावून
अख्खा कॉलेज रोड फिरला.
बुश बदलले. बिल अकरा हजार दोनशे.
आवाज तोच,
उलट जरा मोकळा झाल्यासारखा.

परवा रविवारी धुताना
जॅकच्या खणाचं झाकण उघडलं.
आत ईराची जुनी कंपासपेटी.
पेटीत तीन खडे, एक गोटी
आणि पाटाची पितळी फुली.

"रात्री ती खाली एकटी असते ना,"
ईरा म्हणाली, चपलेकडे बघत,
"तिला खेळायला."

पाइपचं पाणी पायावरून वाहत राहिलं.
वरून गायधनी काका :
"काय, सापडला का आवाज?"
"नाही," म्हणालो.

फुली काढून घेतली, पाटावर ठोकायला.
मग वाटलं, दिलेलं परत कसं घ्यायचं.
होती तिथे ठेवली,
झाकण लावलं.

आज मुंबई नाक्यावर वळताना
टर्र, टक्.
आईनं विचारलं, "हे काय वाजतंय गं?"
मृणाल गिअर बदलत म्हणाली,
"बुश."
मागे ईरा खिडकीबाहेर बघत होती,
खूप लक्ष देऊन.