भूतकाळी आडनावं

मोरावियातल्या आमच्या गावी
आडनावं म्हणजे होऊन गेलेली क्रियापदं.

पोस्टमन पोस्पीशिल : 'घाई केली'.
सायकल हाती धरून चालत येतो,
वाटेत तीन ठिकाणी कॉफी.
किराणावाला झद्राझिल : 'भाव वाढवला'.
"पाटीवर एवढं स्वच्छ लिहिलंय,
मग कटकट कसली?" म्हणते त्याची बायको
आणि लोणी तोलते, अंगठ्यासकट.
हवालदार दोह्नल, 'गाठलं',
सध्या गुडघ्याच्या रजेवर.

कबरी खणतो तो मात्र नव्रातिल.
'परत आला'.
या नावाला बिअरच्या बाकावरही कुणी हसत नाही.

व्लास्ताला माती दिली त्या दिवशी
फावडं पुसत तो पुटपुटला,
"मी येतो ना परत. रोज.
फुलांना पाणी घालायला."